मास्तरांचा डावा हात

हात हलला की घरातली माणसं टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या आवडत नाहीत. अर्धांगाचा झटका आलेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा उठायला, चालायला, शर्टाचं बटण लावायला शिकवणं हे माझं काम. इतक्या वर्षांत मी एवढंच पाहिलंय की टाळ्या नेमक्या चुकीच्या वेळी वाजतात. मूठ मिटली की वाजतात. मूठ उघडते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, तेव्हा टीव्हीवर काहीतरी चाललेलं असतं.

मास्तरांच्या घरीही तसंच झालं. मास्तर म्हणजे पोहायला शिकवणारे मास्तर. आमच्या भागातल्या तलावावर त्यांनी अख्खं आयुष्य काढलं. इथल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच पाण्यात ढकललंय असं म्हणतात, पण ते खरं नाही, ढकलणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. त्यांची रीत वेगळी होती. छातीएवढ्या पाण्यात उभे राहायचे, उजवा हात काठाला धरायला बसवलेल्या नळीवर आणि डाव्या हातात मुलाचं मनगट. मग विचारायचे, "सोडू?" मुलानं स्वतःच्या तोंडानं "सोडा" म्हटल्याशिवाय सोडत नसत, मग त्यात अख्खी सकाळ गेली तरी चालेल. आणि एकदा "सोडा" म्हटलं की क्षणभरही जास्त धरत नसत. मूल श्वास भरून पाण्याखाली जाई, पाय मारी आणि थोडं पुढे जाऊन वर येई. त्या वेळी मास्तर मुलाकडे बघत नसत. मूल जिथं वर यायला हवं तिथं बघत. "आपण पुढं बघितलं की पोरगं पुढं जातं," असं त्यांचं म्हणणं होतं.

मग एके दिवशी दाढी करताना आरशासमोरच ते खाली कोसळले. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि डावं अंग गेलं. मेंदूचा कारभारच तसा उलटा, उजवीकडून डावं अंग चालतं आणि डावीकडून उजवं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, हातात चमचा घेऊन खाटेशेजारी उभ्या होत्या. चमच्यातलं खाणं गार झालं होतं. मुलगा दारात उभा होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांच्या डोळ्यांना काचा लावतो.

"बाबा कुणाशीच बोलत नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही बघा काही होतंय का."

माझ्यानं काही झालं नाही. जे झालं ते त्यांच्या नातीनं केलं. तिला घरात बेडकी म्हणतात, कारण ती बादलीतल्या पाण्यालासुद्धा उडी मारल्याशिवाय हात लावत नाही. मी मास्तरांचा खांदा हलवत होते, तेवढ्यात ती खाटेवर चढली, त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन आडवी झाली आणि म्हणाली, "आजोबा, मी तुमच्याकडंच शिकणार. दुसऱ्या कुणी धरलं तर मी 'सोडा' म्हणणारच नाही."

मास्तरांनी बऱ्याच वेळानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?" त्यांनी काकूंना विचारलं.

"तुमच्या हातापायाची कवायत घ्यायला आल्यात."

"मग कवायतवाल्या, ऐका," ते म्हणाले. जीभ अजून जड होती. "पाय नाही आला तरी चालेल. पाण्यात पाय लागत नाहीत. मला हात द्या. डावा."

तेव्हापासून मी त्या घरात कवायतवाली झाले. मला ते नाव आवडलं हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

आता थोडं हाताबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मूठ मिटणं ही मोठी विद्या नाही. कालच जन्मलेलं मूल आईचं बोट धरतं, त्याला कुणी शिकवलेलं नसतं. सोडणं शिकावं लागतं. मेंदूच्या वरच्या मजल्यावरून "पुरे, आता सैल" असा हुकूम यावा लागतो. झटक्यानं तोच हुकूम तुटतो. खालचे जुने भाग मात्र शाबूत असतात, आणि त्यांना एकच येतं, धरून ठेवणं. म्हणून बहुतेकांचा हात परत येतो तो मुठीच्या रूपानं येतो. लोकांना वाटतं बरा झाला. खरं काम तिथून पुढं सुरू होतं.

मास्तरांची बोटं पहिल्यांदा वळली तेव्हा काकू रडल्या. मुलानं फोनवर सगळ्यांना कळवलं. मी सांगितलं की आता फक्त उघडण्याचा सराव करायचा, मिटण्याचा नाही. हो हो म्हणाले. दोन दिवसांनी गेले तर मास्तरांच्या हातात बेडकीचा रबरी चेंडू. दिवसभर दाबत बसायचे. मी तो काढून घेतला आणि माझ्या पिशवीत टाकला. पुढच्या वेळी काकूंनी पायमोज्यांची जोडी गुंडाळून तिचा गोळा करून दिला होता.

"अहो, ताकद यायला नको का?" काकू म्हणाल्या.

"काकू, ताकद आहे. जास्तच आहे. तिला सुटी घ्यायला शिकवायचंय."

"तुमचं आपलं काहीतरीच," असं म्हणून त्या चहा टाकायला गेल्या.

एखाद्याला आपल्या माणसाची ताकद वाढतेय हे दिसत असताना थांब म्हणणं फार अवघड असतं. मला राग यायचा. पण त्या गोळ्यावर काकूंनी घरातले नवेकोरे मोजे वापरले होते, आणि ते पाहिलं की रागावताही यायचं नाही. त्या घरात एक नवी पद्धतच पडली. भेटायला कुणी आलं की मास्तर डावा हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "धरा." पाहुणा धरायचा. मग मास्तर दाबायचे आणि पाहुण्याचा चेहरा वाकडा झाला की सगळे हसायचे. त्यांचा जुना शिष्य, आता तलावाचा व्यवस्थापक झालेला, एकदा आला होता. त्याची बोटं पांढरी पडली. "मास्तर, सोडा आता," तो हसत हसत म्हणाला.

"सोडलं की," मास्तर म्हणाले.

सोडलं नव्हतं. व्यवस्थापकाला वाटलं मास्तर थट्टा करतायत, म्हणून तो आणखी हसला आणि हात ओढू लागला. ओढल्यावर मूठ जास्त आवळली. मी पुढं झाले आणि मास्तरांचं मनगट आतल्या बाजूला वाकवलं, तशी बोटं आपोआप सैल पडली.

"हे सगळ्यांनी बघून ठेवा," मी म्हणाले. "ओढायचं नाही. ओढलं की हात जास्त धरतो. मनगट आत वाकवायचं, बस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. व्यवस्थापक बोटं चोळत होता. मी मात्र मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. "सोडलं की" म्हणताना ते थट्टा करत नव्हते. मला ते तेव्हाच खटकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. त्यांच्या डाव्या हातात हात पुसायचा टॉवेल दिला.

"धरलाय?"

"धरलाय."

"आता सोडा."

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, खांदा थोडा उचलला गेला. बोटं होती तशीच राहिली.

"सोडला," ते म्हणाले, आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हात उघडा आहे की बंद?"

"उघडा. सपाट. का?"

टॉवेल त्यांच्या मुठीत होता. त्यांनी डोळे उघडले, मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही परत ठेवलात," ते म्हणाले. "फसवता काय म्हाताऱ्याला?" आणि हसले. काकूही हसल्या.

मी हसले नाही. मेंदू कवटीच्या आत अंधारात बसलेला असतो, त्याला हात दिसत नाही. हातातून बातमी येते तेव्हा त्याला कळतं की काम झालं. बातमीची वाटच बंद पडली तर तो काय करतो? साहेबानं सही केली की काम झालंच असं जसं कचेरीत धरून चालतात, तसं धरून चालतो. हुकूम दिला ना, मग झालं. मास्तरांनी सोडायचा हुकूम दिला होता, म्हणून त्यांच्या लेखी त्यांनी सोडलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलले असते तर मला इतकी भीती वाटली नसती.

मग मांजराचं झालं. त्या घरात एक करडं मांजर आहे. झटक्याच्या आधीपासून मास्तरांच्या मांडीवर झोपायची त्याची सवय. एका दुपारी मी स्वयंपाकघरात हात धूत होते आणि बाहेर मांजर असं ओरडलं की काकूंच्या हातातलं झाकण पडलं. धावत बाहेर आलो. मास्तर खिडकीशेजारच्या खुर्चीत बसले होते. मांजराचा मागचा पाय त्यांच्या डाव्या मुठीत होता, मांजर उलटं लटकत त्यांच्या हाताला ओरबाडत होतं आणि मनगटावरून रक्ताचे ओघळ वाहत होते. मास्तर खिडकीबाहेर वाकून बघत होते.

"काय ओरडतंय ते मांजर," ते म्हणाले. "कुणी धरलंय त्याला?"

मी मनगट वाकवलं. मांजर कपाटाखाली गेलं. त्यानंतर ते मास्तरांच्या फक्त उजव्या बाजूनं जायचं, डावीकडून जायचं झालं तर भिंतीला धरून लांबून. मांजराला एकदाच कळलं. माणसांना मात्र काही कळेना. काकूंनी जखमेवर मलम लावलं आणि म्हणाल्या, "मेल्याच्या नखात विष असतं."

त्या दिवशी मी मुलाला जिन्यात गाठलं. आडपडदा ठेवला नाही.

"बेडकीला त्यांच्या डाव्या हातात द्यायचं नाही. घरात नाही आणि पाण्यात तर अजिबात नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ताई, मेंदूचे डॉक्टर म्हणाले पाण्यातला व्यायाम चांगला."

"उथळ पाण्यात, मी बरोबर असताना, आणि हातात कुणी नसताना. तेवढं पुढचं नाही ऐकलंत?"

"ते त्याच एका आशेवर उठून बसलेत. तुम्ही तर पाहिलंयत आधी कसे होते. आता मी जाऊन सांगू, की नातीला हात लावायचा नाही?"

मला त्याचा राग आला नाही, हे खरं. वाईट वाटलं. त्याच्या बापानं भिंतीकडे तोंड केलेलं मीही पाहिलं होतं, आणि पुन्हा तसं केलं तर या वेळी वळणार नाहीत हेही मला माहीत होतं.

"नाही कधीच, असं मी म्हणत नाही," मी म्हणाले. "ते न बघता हात उघडायला लागले की मी स्वतः तलावावर येईन. तोवर वचन द्या."

त्यानं वचन दिलं. मनापासून दिलं, मला आजही तसंच वाटतं.

मग मास्तर आणि मी मान मोडून कामाला लागलो. मी त्यांच्या हातात लाकडी ठोकळा द्यायचे, डोळे मिटायला लावायचे आणि सोडायला सांगायचे. ठोकळा खाली फरशीवर पडला की ठण् आवाज यायचा. सुरुवातीला पडायचाच नाही. हळूहळू पडायला लागला. मास्तर खूश, काकू खूश. सून कामावरून येऊन दारात उभी राहून बघायची आणि ठण् झालं की बेडकीला उचलून घ्यायची. टाळ्या वाजायच्या. मलाही आत कुठेतरी बरं वाटायला लागलं होतं. पण मास्तर जरा मान तिरकी करून बसतात हे माझ्या लक्षात आलं. कान फरशीकडे.

एके दिवशी सगळे आपापल्या कामाला गेले होते तेव्हा मी ठोकळ्याऐवजी तो मोज्यांचा गोळा त्यांच्या हातात दिला. डोळे मिटलेले. "सोडा."

"सोडला."

गोळा हातातच होता. त्यांनी मान तिरकी केली, वाट पाहिली. मोजे पडले तरी आवाज येत नाही. त्यांना काहीच कळेना. मग उजवा हात हळूच मांडीवरून सरकत डाव्या मनगटाकडे गेला आणि थांबला.

म्हणजे इतके दिवस ते कानानं सोडत होते. आवाज आला नाही की उजव्या हातानं मनगटाला चोरून धक्का द्यायचे. माझ्यासमोर, आणि मला दिसलं नव्हतं. पट्टीचा पोहणारा माणूस, शरीराच्या खोड्या त्याला माझ्याहून जास्त ठाऊक.

"मास्तर, हे चालायचं नाही," मी म्हणाले.

"पडतंय ना? मग कसंही पडो."

"पाण्यात आवाज येत नाही."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "पाणी मला नका शिकवू, कवायतवाल्या. पाण्यात माझा हात चुकत नाही."

"उलट आहे. थंडीनं मूठ जास्त आवळते. घाईनं आवळते. माणूस फार खूश झाला तरी आवळते. आणि तिथं तिन्ही असणार."

"खूश झालो तरी?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"हो. मेंदूला जोर आला की सगळा जोर मुठीत येतो."

"मग तर अवघडच आहे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी आमचं काम तिथंच थांबलं. मी मुलाच्या दुकानात जाऊन त्याला मोज्यांचं सांगितलं. एका बाईच्या नाकावर चष्मा बसवता बसवता त्यानं ऐकलं. पण घरात सगळ्यांनी ठोकळा पडताना पाहिला होता. मोज्यांचा गोळा कुणी पाहिला नव्हता.

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. माझा जायचा दिवस दुसराच होता, पण मला बाहेरगावी जायचं होतं म्हणून मी आदल्या दिवशी सकाळी गेले. घराला कुलूप. अर्धांगाचा माणूस असलेल्या घराला कुलूप दिसलं की पहिला विचार इस्पितळाचा येतो. मी समोरचं दार वाजवलं.

"तलावावर गेलेत सगळे," शेजारीण म्हणाली. तिचा चेहरा फुललेला होता. "आज मास्तर नातीला शिकवणार. तुम्हाला सांगू नका म्हणत होते, व्हिडिओच पाठवणार होते. तुम्ही चकित व्हायला हव्यात म्हणे."

मी पिशवी तिच्या दारातच टाकली.

तलाव फार लांब नाही. वाटेत मी काय विचार करत होते ते मला आठवत नाही, फक्त पायातल्या चपला चुकीच्या आहेत, पळता येत नाही, एवढंच आठवतं. फाटकावर व्यवस्थापक होता. त्यानं मला बघून हात हलवला आणि हसत म्हणाला, "या, या, वेळेवर आलात. तुमचंच काम आहे हे सगळं." आतून औषध घातलेल्या पाण्याचा वास येत होता. मास्तरांसाठी त्यानं तलाव तासभर बंद ठेवला होता, म्हणून बाकी कुणी नव्हतं.

काकू बाकावर बसल्या होत्या, मांडीवर घडी केलेला टॉवेल. सून त्यांच्या शेजारी. मुलगा काठावर वाकून फोन धरून उभा होता. आणि पाण्यात मास्तर होते, छातीपर्यंत, ताठ. उजवा हात नळीवर. इतक्या महिन्यांत मी त्यांना इतकं ताठ पाहिलं नव्हतं. आपल्या जागी परत आलेल्या माणसासारखे दिसत होते. डाव्या हातात बेडकीचं मनगट होतं.

"सोडू?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज अख्ख्या तलावावर घुमला.

मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही. त्याच क्षणी बेडकीही ओरडली होती, आनंदानं.

"सोडा!"

"सोडलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मान वर करून पुढं बघितलं.

बेडकीनं श्वास भरला, तोंड पाण्यात घातलं आणि पाय मारले. पाणी उडालं. बाकावरून टाळ्या वाजल्या. मास्तर पुढं बघत होते, जिथं ती वर यायला हवी होती तिथं, आणि हसत होते. पाणी उडतच होतं, त्यांच्याच शेजारी. त्यांचं डावं कोपर हळूहळू आत वळलं आणि हात पोटाशी गेला, पाण्याखाली. जोर आला की हा हात असाच जातो, मी शंभर वेळा पाहिलंय. या वेळी हाताबरोबर तिचं मनगटही गेलं.

"पाय बघा काय मारतेय," काकू म्हणाल्या.

"मोठा दम आहे पोरीचा," मास्तर पुढं बघतच म्हणाले. "अजून वर नाही आली."

मी चपलांसकट पाण्यात उतरले. मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि फोन टाकून उडी मारली. तो माझ्या आधी पोचला. त्यानं लेकीला कमरेला धरलं आणि जिवाच्या आकांतानं ओढलं.

"ओढू नका," मी म्हणत होते, पण तोंडात पाणी गेलं. त्यानं आणखी ओढलं. मास्तर जागेवरून हलले, झोकांडले. त्यांनी उजव्या हातानं नळी घट्ट धरली आणि चिडून म्हणाले, "अरे काय करतोस? मला कशाला ढकलतोस? तिला बघ, ती पुढं आहे."

मी त्या दोघांच्या मध्ये घुसले, पाण्याखाली हात घातला आणि मास्तरांचं मनगट सापडल्यावर दोन्ही हातांनी आत वाकवलं. गार पाण्यात तो हात लाकडासारखा झाला होता. वाकेना. मी पूर्ण अंग टाकलं. मग वाकला, आणि बोटं सुटली.

बेडकी बापाच्या हातात वर आली. तिचे ओठ निळे पडले होते. काठावर पालथी घातल्यावर आधी काहीच झालं नाही. मग ती ओकली, आणि खोकली, आणि रडली. इतकं छान रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. सून तिला छातीशी धरून जमिनीवरच बसली. काकू उभ्या होत्या, तो टॉवेल अजून घडी केलेलाच होता.

मला आणि व्यवस्थापकाला मिळून मास्तरांना पायऱ्यांवरून वर आणावं लागलं. बाकावर बसवलं. ते थरथरत होते आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते.

"काय झालं?" ते म्हणाले. "ती तर पुढं गेली होती."

मुलगा पाठमोरा उभा राहिला.

"मी सोडलं होतं. तिनं म्हटल्याबरोबर सोडलं." मग त्यांचा आवाज चढला. "खाली कुणी धरलं होतं तिला?"

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले होते, ओल्या अंगानं. उत्तर मीच द्यायचं होतं. तेवढ्यात माझी बाही ताणली गेली.

"मास्तर," मी म्हणाले, "माझी बाही सोडा."

"सोडली की."

"बघा."

त्यांनी खाली पाहिलं. आपल्या मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी वस्तू पडलेली असावी तसं पाहिलं. माझी बाही त्यांच्या मुठीत होती, आणि मुठीतून पाणी ठिबकत होतं. या वेळी त्यांनी मी फसवतेय असं म्हटलं नाही. मग त्यांनी उजवा हात आणला, डाव्या मनगटावर ठेवला आणि मी शिकवलं होतं तसं ते आत वाकवलं. बाही सुटली. इतक्या महिन्यांत त्यांनी ते उघडपणे, स्वतःहून केलं, ते पहिल्यांदाच.

मग त्यांनी मान वर केली आणि सुनेच्या मांडीवर बसलेल्या नातीला शोधलं. टॉवेलमधून तिचा एक हात बाहेर आला होता आणि मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता, जांभळा.

"बेडके," मास्तर म्हणाले, "तू 'सोडा' किती वेळा म्हणालीस?"

सुनेनं तिचं तोंड आपल्या खांद्यात लपवलं, पण बेडकीनं मान बाहेर काढली. आजोबांनी पाण्याबद्दल विचारलं की उत्तर द्यायचं असतं, हे तिला घरात सगळ्यांनी शिकवलं होतं.

"एकदाच," ती म्हणाली. "नंतर बोलता येईना."